ऑनलाइन मुलाखत तुटते, अडकते, सुरूच होत नाही: रेंजला दोष देण्याआधी काय तपासायचं

देवगड-जामसंड्याकडे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. प्रिंटर, लॅपटॉप, राउटर हे नेहमीचं काम. त्यात अलीकडे एका तक्रारीची भर पडली आहे: "इंटरव्ह्यू मध्येच तुटला." निदानही लोक घरूनच करून आणतात: "आमच्याकडे रेंज नाय." मग पोरं मोबाइल घेऊन सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळावर, जातात, नाहीतर कणकवलीला मावशीकडे. तिथेही तुटतो. तुटणारच, कारण दोष बहुतेकदा रेंजमध्ये नसतोच. तो कॅमेऱ्याच्या परवानगीत असतो, राउटरच्या विजेत असतो, नाहीतर दुसऱ्या सिमवर आलेल्या फोनमध्ये.

ऑनलाइन मुलाखतीचे दोन प्रकार आहेत. एकात समोर माणूस असतो: मीट, झूम, टीम्स. दुसऱ्यात समोर कुणीच नसतं. स्क्रीनवर प्रश्न येतो, विचार करायला अर्धा मिनिट वगैरे मिळतं, रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं आणि दीड-दोन मिनिटांनी आपोआप थांबतं. ते उत्तर सर्व्हरवर जातं. तिथे बोलणं लेखी स्वरूपात उतरवलं जातं आणि मग सॉफ्टवेअर, माणूस किंवा दोघेही ते तपासतात. पहिल्या प्रकारात बिघाड झाला तर समोरचा लगेच सांगतो, "तुमचा आवाज येत नाहीये." दुसऱ्यात सांगणारं कुणी नाही. तुम्ही बोलत राहता आणि तिकडे मूकपट जातो. म्हणून खालचं सगळं मुख्यतः या दुसऱ्या प्रकारासाठी लिहिलंय. पहिल्यालाही ते चालतं.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतं ते आधी ठरवा:

लिंक उघडतच नाही, किंवा "तुमचं कनेक्शन खासगी नाही" असा लाल इशारा येतो.
कॅमेऱ्याच्या चौकटीत काळोख, किंवा चेहरा दिसत असूनही "चेहरा सापडला नाही" ही सूचना.
तुम्हाला ऐकू येतं पण तुमचा आवाज जात नाही. किंवा जातो, पण प्रत्येक उत्तराचा पहिला शब्द गायब.
सगळं ठीक चाललेलं असताना एकदम तुटतं आणि तीन-चार मिनिटांनी आपोआप परत येतं.
उत्तर रेकॉर्ड होतं, पण नंतर "अपलोड होत आहे" असं म्हणत चक्र फिरत राहतं.
काहीच बिघडत नाही, तरी "मुलाखत अपूर्ण" असा मेल येतो.

शक्य असेल तर स्क्रीनशॉट काढा आणि बिघाड झाल्याची वेळ लिहून ठेवा. "नेट गेलं" एवढ्यावरून मला काही कळत नाही. "बरोब्बर सव्वासातला गेलं, राउटरचे दिवे विझून परत लागले" यावरून जवळजवळ सगळं कळतं.

मेल परत वाचा

फुकटचं काम आहे, म्हणून ते कुणी करत नाही. मेलमध्ये पाच गोष्टी शोधा: मुदत, वेळ कुठल्या देशाची, लिंक किती वेळा उघडता येते, मोबाइल चालतो की लॅपटॉपच लागतो आणि कुठला ब्राउझर.

वेळेचा घोळ आपल्या पट्ट्यात जास्त होतो, कारण इकडून आखातात आणि जहाजावर जाणारे बरेच. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, सौदी, कतार आणि कुवेत अडीच तास मागे. म्हणजे दोहातले सकाळचे दहा म्हणजे आपले साडेबारा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ, कारण तिथे मार्च ते नोव्हेंबर घड्याळं एक तास पुढे असतात. मेलमध्ये नुसतं यूटीसी किंवा जीएमटी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलं असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा. "शुक्रवार रात्री १२ यूटीसीपर्यंत" वाचून शुक्रवारी रात्री बारा की शनिवारी पहाटे साडेपाच असा गोंधळ घालण्यापेक्षा गुरुवारीच उरकून टाका.

लिंक एकदाच उघडत असेल तर "बघूया कशी दिसते" म्हणून उघडू नका. "मुलाखत अपूर्ण" या मेलमागे बऱ्याचदा हेच निघतं. सरावाचा प्रश्न वेगळा दिला असेल तर तो मात्र सोडू नका.

ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला सांगणार असतील तर आधारवरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळतं का तेही बघा. लग्नानंतर बदललेलं आडनाव आणि वडिलांचं नाव कधी असणं, कधी नसणं, या दोन ठिकाणी यंत्र अडतं. माणूस असता तर हसून पुढे गेला असता.

घड्याळ, परवानगी, ढापणं

लाल इशारा येत असेल तर कॉम्प्युटरची तारीख बघा. सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. तुमच्या मशीनवर २०१९ साल दिसत असेल तर ब्राउझरला ते प्रमाणपत्र खोटं वाटतं आणि तो दार लावून घेतो. तारीख दुरुस्त करा, पान परत उघडा. मशीन बंद करून चालू केल्यावर तारीख पुन्हा मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय. त्याचा नंबर सीआर २०३२, घड्याळवाल्याकडेही मिळतो. डेस्कटॉपमध्ये तो घरी बदलता येतो, लॅपटॉपमध्ये सहसा उघडाउघड करावी लागते. ते दुकानदाराला करू द्या.

कॅमेरा काळा असेल तर या क्रमाने बघा. स्क्रीनच्या वरच्या कडेला कॅमेऱ्यावर सरकणारं ढापणं आहे का? बऱ्याच नव्या लॅपटॉपवर असतं आणि खरेदी केल्यापासून ते बंदच राहिलेलं असतं. मग कीबोर्डवर कॅमेऱ्याचं चित्र असलेलं बटण. मग दुसरं ॲप: झूम किंवा टीम्स मागे उघडं असेल तर कॅमेरा त्याने धरून ठेवलेला असतो. ते नुसतं खाली दडपून उपयोग नाही, पूर्ण बंद करा. मग ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारून कॅमेरा आणि माइक दोन्हींना परवानगी. शेवटी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली कॅमेरा. ब्राउझरने हो म्हटलं आणि विंडोजने नाही म्हटलं, तर विंडोजचंच चालतं. म्हणून दोन्हीकडे बघायचं.

एवढं करूनही विंडोजच्या स्वतःच्या कॅमेरा ॲपमध्ये काळोखच असेल तर तिथे थांबा. आतली पट्टी सुटलेली किंवा कॅमेरा गेलेला असू शकतो. मुलाखत उद्यावर आली असेल तर लॅपटॉप उघडत बसू नका. यूएसबीचा साधा वेबकॅम कुणाकडून तरी मागून आणा.

"चेहरा सापडला नाही"

याचा नेटशी काहीही संबंध नाही. आपल्या घरांत लोक पडवीत बसतात, पाठीमागे अंगण आणि ऊन. कॅमेरा ऊन बघून सगळं चित्र काळवंडवतो आणि तुमचा चेहरा सावली होतो. तोंड उजेडाकडे, पाठ भिंतीकडे करून बसलात की अर्धा प्रश्न सुटतो. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फ्लिकर ५० हर्ट्झवर आणा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

भिंतीकडे पाठ करताना मागे काय टांगलंय तेही बघा. काही मुलाखतींत कॅमेऱ्यातून तुमच्यावर नजर ठेवणारं देखरेखीचं सॉफ्टवेअर असतं; ते चेहरे मोजतं आणि भिंतीवरच्या फोटोतला चेहराही काही वेळा त्यात धरतं. हार घातलेल्या आजोबांच्या फोटोमुळे "दुसरी व्यक्ती खोलीत आहे" अशी नोंद झालेली मी पाहिली आहे. फोटो तासभर आतल्या खोलीत ठेवा, आजोबा रागावणार नाहीत. आणि घरातल्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवा. आई मध्येच चहा घेऊन आली की तिचीही नोंद होते.

अशा देखरेखीच्या मुलाखतीत एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी दूरून ताबा देणारी सॉफ्टवेअरं मागे चालू नकोत. दुसरा मॉनिटर जोडलेला नको, व्हीपीएन नको. दुरुस्तीसाठी कधीतरी आम्हीच एनीडेस्क घातलेलं असतं, ते आधी काढून टाका. कंपनीने खास ब्राउझर टाकायला सांगितला असेल तर सायबर कॅफेच्या मशीनवर तो बहुतेक बसणार नाही, कारण त्याला ॲडमिनची परवानगी लागते. आदल्या दिवशी कॅफेत जाऊन टाकून बघा. मुलाखतीच्या दिवशी मालक जेवायला गेलेला असतो.

आवाज

इथे थोडा जास्त वेळ घालवा. चित्र थोडं धूसर गेलं तरी भागतं. आवाज गेला तर उत्तरच गेलं, कारण पुढची तपासणी शब्दांवर होते.

पहिली गोष्ट इअरफोनची पिन. खाऱ्या हवेत पिनेवर आणि लॅपटॉपच्या भोकात हिरवट थर चढतो. गाणी ऐकू येतात, पण माइकचा संपर्क तुटक होतो, म्हणून दोष लक्षात येत नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करून कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि पीन पुसून काढा. भोकात काडी हलकेच फिरवा. पाणी नको, अत्तर नको, सुई तर अजिबात नको. किनाऱ्याच्या जितकं जवळ घर, तितकं हे लवकर होतं.

दुसरी गोष्ट डेस्कटॉपवाल्यांसाठी. जुन्या डेस्कटॉपला आवाजाचं आणि माइकचं भोक वेगवेगळं असतं. मोबाइलच्या इअरफोनला दोन्हीसाठी एकच पीन. ती हिरव्या भोकात घातली की ऐकू येतं, बोललेलं जात नाही. "माका सगळा आयकाक येता, पण त्यांका कायच जायना" ही तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच विचारतो. एक पीन दोन भोकांत वाटून देणारा शे-दोनशे रुपयांचा स्प्लिटर मिळतो, नाहीतर यूएसबी हेडफोन घ्या.

ब्लूटूथ शक्यतो टाळा. माइक सुरू झाला की बऱ्याच ब्लूटूथ हेडफोनचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा चपटा होतो, कारण ते बोलण्याच्या वेगळ्या, हलक्या दर्जाच्या पद्धतीवर जातात. शिवाय ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय एकाच पट्ट्यात चालतात आणि एकमेकांच्या पायात येतात. वायर असलेला स्वस्त इअरफोन इथे महागड्या बड्सना भारी पडतो.

पहिला शब्द गायब होत असेल तर बिघाड नाही, घाई आहे. रेकॉर्डिंगची खूण दिसली की एक श्वास घ्या आणि मग बोला.

आता जागा. सड्यावर वारा असतो. माइकला वारा लागला की त्याची फडफड तुमच्या आवाजाच्या वर जाते आणि उतरवून घेणारं सॉफ्टवेअर शब्द गाळतं. पावसात पत्र्याखाली तीच गत. गोंगाट कमी करणारी सोय पावसाचा आवाज कापते आणि त्याबरोबर तुमची अक्षरंही. घरातली सगळ्यात शांत जागा माजघर. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जाड भिंती, वर माळा, आजूबाजूला कपाटं, गोधड्या. आवाज घुमत नाही. अडचण एकच, ज्या चिऱ्याने पाऊस अडवला तोच वायफायही अडवतो.

नेटवर्क: घरातलं की बाहेरचं?

सगळ्यात आधी डेटाचा रोजचा कोटा. बहुतेक प्रीपेड पॅकमध्ये दिवसाचा कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. व्हॉट्सॲपचा मेसेज जातो, म्हणून नेट चालू आहे असं वाटतं. मुलाखत मात्र शक्य नाही. सकाळी रील्स बघणाऱ्या भावाने तुमचा कोटा संपवलेला असू शकतो.

मग वेग मोजा, पण अपलोडचा. लोक डाउनलोडचा आकडा दाखवून भांडतात. मुलाखतीत तुमचं चित्र बाहेर जायचं असतं, त्याला अपलोड लागतो. झूमच्या मार्गदर्शनाप्रमाणे दोघांच्या बोलण्यात चांगल्या चित्रासाठी ६०० केबीपीएस आणि एचडीसाठी १.२ एमबीपीएस लागतात. रेकॉर्ड केलेल्या उत्तराचा हिशेब असा: एक एमबीपीएस दर्जाचं दोन मिनिटांचं उत्तर म्हणजे साधारण १५ एमबी. अपलोड अर्धा एमबीपीएस असेल तर ते जायला चार मिनिटं लागतात. म्हणजे चक्र फिरणं हा बिघाड नाही, रांग आहे. तेवढ्यात घाबरून पान रिफ्रेश केलंत तर उत्तर गेलं. हात आवरा.

वेग मुलाखतीच्या वेळेलाच मोजा. दुपारी दोनला मिळणारा आकडा रात्री नऊला मिळत नाही. गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात चाकरमानी आले की एका वाडीत एरवीच्या कितीतरी पट मोबाइल त्याच टॉवरवर लागतात. त्या आठवड्यात मुलाखत आली तर मोबाइलच्या डेटावर भिस्त ठेवू नका, किंवा पहाटेची वेळ निवडा. रेकॉर्ड करायच्या मुलाखतीत ती मोकळीक असते आणि सकाळी सहाला कोंबड्याशिवाय कुणी स्पर्धेला नसतं.

आता घरातला आणि बाहेरचा दोष वेगळा करायचा. लॅपटॉप राउटरशेजारी नेऊन परत मोजा. शेजारी छान आणि माजघरात वाईट, म्हणजे लाइन ठीक आहे, भिंत आड येते. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान पण भिंतीत लवकर मरतं. २.४ सावकाश पण लांब पोचतं. जाड चिऱ्याच्या घरात दुसऱ्या खोलीत बसायचं असेल तर २.४ ला जोडा. त्याहून बरं म्हणजे राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची केबल. १५-२० मीटरची तयार केबल फारशी महाग नसते, ती १०० मीटरपर्यंत व्यवस्थित चालते आणि वायफायचे सगळे रुसवेफुगवे एका झटक्यात संपतात. दुरुस्तीवर पैसे घालण्याआधी या केबलवर घाला. फक्त ती अंगणातून, झाडावरून ओढू नका. विजा होतात तेव्हा बाहेरून आलेल्या तांब्याच्या केबलने लॅपटॉपचा पोर्ट जळतो. पावसाळ्याच्या तोंडावर आणि ऑक्टोबरात आमच्याकडे अशा पोर्टांची रांग लागते.

राउटरशेजारीही वेग वाईट असेल तर बाकीची मशीनं बघा. विंडोज अपडेट, फोटोंचा बॅकअप, व्हॉट्सॲपचा बॅकअप. हे सगळे नेमका अपलोडच खातात. तासभर घरातले बाकीचे फोन वायफायवरून काढा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मुलाखत देणाऱ्यांनी हे नीट वाचा. बऱ्याच साध्या ड्युअल सिम फोनमध्ये एका सिमवर बोलणं सुरू झालं की दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो. तुम्ही लॅपटॉपवर उत्तर देताय, फोनवर काकांचा कॉल येतो, आई तो उचलून "तो इंटरव्ह्यूत आहे" असं सांगते आणि तेवढ्यात इंटरव्ह्यू तुटलेला असतो. ज्या सिमचा डेटा नाही ते सिम सेटिंगमधून बंद करा. डेटाच्या सिमवर येणारे कॉल दुसऱ्या फोनवर वळवा. हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबलने टेदरिंग केलंत, म्हणजे फोनचं नेट केबलनेच लॅपटॉपला दिलंत, तर वायफायचा एक टप्पा कमी होतो आणि फोनही चार्ज होत राहतो. रेंज ५जी आणि ४जी यांच्यात सारखी हेलकावत असेल तर फोन ४जीवर पक्का करा. सतत बदलण्यापेक्षा कमी पण स्थिर वेग बरा.

वीज

"एकदम तुटतं आणि तीन-चार मिनिटांनी आपोआप येतं" हे लक्षण असेल तर मी नेटकडे बघतच नाही. पावसात फांदी तारेला लागते, दिवा डोळा मिचकावतो, लॅपटॉपला बॅटरी असल्याने तो चालूच राहतो. राउटरला बॅटरी नसते. तो बंद पडून परत सुरू होतो, लाइन जोडून घेतो, आणि तेवढ्यात चार मिनिटं गेलेली असतात.

फुकटचा उपाय: घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा पुढे "यूपीएस" आणि "इको" किंवा "नॉर्मल" असा खटका असतो. तो यूपीएसवर करा. त्या मोडमध्ये बदल इतक्या झटकन होतो की राउटर बंद पडत नाही. बऱ्याच घरी तो खटका पहिल्या दिवसापासून चुकीच्या बाजूला असतो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिनी यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारांच्या आसपास. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. १२ व्होल्टच्या राउटरला ९ चा यूपीएस चालत नाही.

एक चाचणी आदल्या दिवशी करा. मेन स्विच बंद करून पाच मिनिटं बसा. नेट टिकलं तर घरचं काम झालं. पण सगळ्या गावाची वीज गेल्यावर घरचा राउटर चालू आणि तरी नेट नाही, असं होत असेल तर पलीकडे फायबरवाल्याच्या पेटीपाशी बॅकअप नाही. तुम्ही घरी कितीही बॅटऱ्या लावा, उपयोग शून्य. त्या दिवसासाठी मोबाइलचा डेटा तयार ठेवा. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने रायगड-दापोलीकडे आणि मे २०२१ मध्ये तौक्तेने सगळ्या किनाऱ्यावर जे केलं ते पाहिलेल्यांना दोन वेगळ्या मार्गांचं महत्त्व सांगावं लागत नाही. तशी सूचना आलेली असेल तर वाट न बघता कंपनीला कळवून तारीख बदलून घ्या.

विजा कडाडत असतील तर अडॅप्टर सॉकेटमधून काढा. लॅपटॉप बॅटरीवर, राउटर मिनी यूपीएसवर, आणि भिंतीशी संबंध तोडा.

सगळं चालतं, तरी पुढचं बोलावणं येत नाही

हा माझा प्रांत नाही असं वाटेल, पण लोक याही तक्रारीसाठी मशीन घेऊन येतात, म्हणून दोन तपासण्या सांगतो.

पहिली: बायोडेटाची फाइल उघडा आणि त्यातला मजकूर माउसने निवडता येतो का बघा. येत नसेल तर तो फोटो आहे, मजकूर नव्हे. छाननी करणाऱ्या सॉफ्टवेअरला तो कोरा कागद दिसू शकतो. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल तर तिकडे निव्वळ चिन्हांचा कचरा पोचतो. युनिकोडमध्ये टाइप करून थेट पीडीएफ करा. प्रिंट काढून स्कॅन करू नका.

दुसरी: मोबाइलवर व्हॉइस टायपिंग सुरू करून आपलं उत्तर बोला आणि उमटलेला मजकूर वाचा. तपासणाऱ्या यंत्राला तुमचं बोलणं साधारण असंच दिसत असणार. वाक्य अर्धी राहतात का, इंग्रजी शब्द भलतेच उमटतात का, सगळं डोळ्यांसमोर येतं. उच्चार बदलायला जाऊ नका, वेग कमी करा आणि वाक्याचा शेवट गिळू नका. आपल्याकडे शेवट गिळायची सवय आहे.

त्या मजकुरात "मी" किती वेळा आलंय तेही बघा. इथली मुलं "आम्ही केलं" असं बोलतात. बागेत, होडीवर, भजनात, सगळीकडे कामं मिळून होतात आणि स्वतःचं नाव पुढे करणं उद्धटपणाचं वाटतं. मुलाखतीचा प्रश्न मात्र तुमच्याबद्दल असतो. "आंब्याच्या सीझनला आम्ही ऑर्डर घेतल्या" याऐवजी "ऑर्डरची नोंदवही मी मोबाइलवर आणली, त्यामुळे पेट्यांची अदलाबदल थांबली" असं सांगा. काय अडचण होती, तुम्ही काय केलंत आणि त्याने काय झालं, एवढं दीड मिनिटात बसतं.

"हसलं नाही तर यंत्र मार्क कापतं" ही भीती बरेच जण बाळगून असतात. या क्षेत्रातल्या हायरव्ह्यू या मोठ्या कंपनीने चेहऱ्याचं विश्लेषण थांबवल्याचं जानेवारी २०२१ मध्येच जाहीर केलं. ओढूनताणून हसू नका. बाजूच्या मोबाइलवरून लिहिलेलं उत्तर वाचूही नका. नजर सारखी एकाच कोपऱ्यात जाते ते रेकॉर्डिंग बघणाऱ्या माणसाला लगेच कळतं.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

राउटरवर एलओएसचा (फायबरमधून सिग्नल येत नसल्याचा) दिवा लाल असेल तर स्वतः काही करू नका. गावात वीज असेल तर बहुतेक फायबर तुटलीय किंवा कुठेतरी जास्त वाकलीय. वांदरांनी केबलवर झोके घेतले की हे होतंच. फायबर जोडायला यंत्र लागतं, चिकटपट्टीने ती जुळत नाही. तुटलेल्या टोकात डोळा घालून तर मुळीच बघू नका, त्यातला लेझर दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो. फोन करताना "नेट नाही" एवढंच सांगू नका. एलओएस लाल आहे आणि कधीपासून आहे ते सांगा, म्हणजे माणूस योग्य सामान घेऊन येईल.

लॅपटॉपचं टचपॅड वर उचललंय, तळ फुगलाय, झाकण नीट मिटत नाही: बॅटरी फुगलीय. चार्जिंग ताबडतोब बंद करा, दाबू नका, टोचू नका, तसाच दुरुस्तीला न्या. त्यावर मुलाखत द्यायची नाही, उसनं मशीन आणा.

लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर लॅपटॉपवाल्याकडे नको, वायरमनकडे जा. घराचं अर्थिंग तपासायला हवं. पावसात ओल्या भिंतींच्या घरात हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

दोष कंपनीच्या साइटवरच असेल, म्हणजे दुसऱ्या मशीनवर आणि दुसऱ्या नेटवरही तीच चूक येत असेल, तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. प्रत्येक प्रयत्न मोजला जात असू शकतो. स्क्रीनशॉट, वेळ, ब्राउझरचं नाव आणि तुम्ही काय काय करून बघितलं, एवढं चार ओळींत लिहून मुदत संपायच्या आत मेल करा. मुदत संपल्यावर केलेला मेल सबब वाटते, आधी केलेल्या मेलला बऱ्याचदा नवी लिंक मिळते.

मुलाखत चॅटवर झाली, दहा मिनिटांत निवड झाली आणि आता "व्हिसा प्रोसेसिंग"चे किंवा "सीट पक्की करायचे" पैसे मागतायत, तर हा तांत्रिक प्रश्नच नाही. परदेशातल्या नोकरीचा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का बघा. नोंदलेल्या एजंटलाही ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. जहाजावरच्या नोकरीसाठी एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना हवा, आणि खलाशाकडून नोकरी लावून देण्याचे पैसे घ्यायला त्याला मनाईच आहे. पैसे गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.